१२३४५६५४३२१ (गणितसारसंग्रहातील संख्या)

बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस ही विषम पूर्णवर्ग संख्या डावीकडून व उजवीकडून सारखीच वाचली जाते. महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात ती २७९९४६८१ × ४४१ या गुणाकारातून मिळते. ग्रंथात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची स्तुती असल्याने त्याची रचना इ. स. ८५० च्या सुमारास झाली असे सामान्यतः मानतात. आचार्यांचे वास्तव्य राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत, म्हणजे सोलापूरच्या आग्नेयेकडील आजच्या मळखेड येथे असावे, हे मात्र अनुमान आहे. रंगाचार्य यांची इंग्रजी भाषांतरासह आवृत्ती १९१२ मध्ये मद्रासला निघाली. हिंदी अनुवादासह लक्ष्मीचंद्र जैन यांनी संपादिलेली आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत १९६३ मध्ये प्रसिद्ध केली.

ग्रंथकाराने ही संख्या ‘एकापासून सहापर्यंत चढणारी व नंतर क्रमाने उतरणारी’ अशा अर्थाच्या शब्दांत सांगितली आहे. संस्कृत गणितग्रंथांत शब्दांनी सुचविलेले अंक ‘अंकानां वामतो गतिः’ या संकेतानुसार उजवीकडून डावीकडे मांडायचे असतात. येथे दोन्ही दिशांनी एकच संख्या मिळत असल्याने तो संकेत लावण्याची गरज उरत नाही. १२३४५६७९ × ९ = १११११११११ यांसारख्या, हाराच्या उपमेने वर्णिलेल्या गुणाकारांच्या शेजारी ती येते, म्हणून तिला केवळ करमणुकीचे उदाहरण मानता येईल. तथापि असे वर्णन स्थानमूल्य पूर्णपणे अंगवळणी पडलेल्या वाचकालाच कळू शकते. त्यामुळे दशमान पद्धतीच्या प्रसाराचा पुरावा म्हणून तिचे मोल अधिक धरणे सयुक्तिक वाटते.

तिचे वर्गमूळ ११११११ असून ते १११ × १००१, म्हणजे ३ × ७ × ११ × १३ × ३७ इतके भरते. साहजिकच मूळ संख्येत या पाचही अवयवांचे वर्ग येतात आणि तिला २४३ विभाजक आहेत. ग्रंथातील दोन्ही गुणकही वर्गच आहेत: ४४१ हा २१ चा, तर २७९९४६८१ हा ५२९१ चा. अंकांची बेरीज ३६ असून तिने संख्येस गुणल्यास ६६६६६६ चा वर्ग मिळतो. दोन फासे टाकले असता २ ते १२ या बेरजा जितक्या प्रकारांनी पडतात, ते आकडे क्रमाने मांडले तरी हीच अंकमाला तयार होते. दोन्हींच्या मुळाशी सहा समान पदांच्या (वर्गमुळातील सहा एकांच्या, फाशाच्या सहा बाजूंच्या) बेरजेचा वर्ग आहे. हा आकृतिबंध टिकतो तो गुणाकारात हातचा येत नाही म्हणून. सातपासून पुढच्या कोणत्याही पायाच्या संख्यापद्धतीत तो तसाच राहतो. दशमान पद्धतीत नऊ एकांपर्यंत चालतो, आणि दहा एकांचा वर्ग करताना मधल्या स्थानी हातचा येऊन १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर मिळते.