वेश्या अन्याय मुक्ती परिषद

वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी स्वतः उभी केलेली आणि स्वतःच चालवलेली संघटना. स्थापना १९९६, सांगली. सांगली, मिरज, कोल्हापूर, सातारा आणि बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे तिचे कार्यक्षेत्र. राज्याची सीमा ओलांडून दोन्ही बाजूंच्या स्त्रियांना एकत्र आणणाऱ्या अशा संघटना फार थोड्या आहेत, म्हणून सीमाभागाच्या सामाजिक इतिहासात तिची दखल घ्यावीच लागते.

सांगली-मिरजेच्या वस्त्यांत राहणाऱ्या अनेक जणी मूळच्या बेळगाव, बागलकोट आणि विजयपूर या भागांतल्या. अथणी आणि रायबाग तालुके मिरजेपासून जवळच आहेत. घटप्रभा, रायबाग, कुडची ही स्थानके थेट मिरजेच्या रेल्वेमार्गावर आहेत. अनेकींची वाट सौंदत्तीच्या यल्लम्मापासून सुरू होते. बहुतेक दलित कुटुंबांतल्या, लहानपणीच गळ्यात मोती बांधून देवीला सोडलेल्या, म्हणजे देवदासी. देवीला सोडलेली मुलगी घरात मुलाच्या जागी मानली जाते आणि आईबापांचा सांभाळ तिच्यावर येतो. शहरात गेलेली बाई महिन्याला घरी पैसे पाठवते, भावाच्या लग्नाला, घरावरच्या पत्र्याला हातभार लावते. तिला निव्वळ फसवली गेलेली समजणारे हा हिशेब विसरतात. मुली सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंदी घातली, पण त्याआधी सोडलेल्या स्त्रियांचा चरितार्थ त्या कायद्याने भागणार नव्हता.

परिषदेच्या आधी मीना शेषू यांच्या पुढाकाराने संपदा ग्रामीण महिला संस्थेचे (संग्राम) काम १९९२ मध्ये सुरू झाले होते. एचआयव्हीची भीती पसरलेली असताना निरोध वाटण्याचे आणि गिऱ्हाइकाशी बोलायचे कसे ते शिकवण्याचे काम वस्तीतल्या स्त्रियांनीच हाती घेतले. डॉक्टर किंवा सरकारी कर्मचारी ज्या खोलीच्या दारापर्यंतही पोचत नव्हते, तिथे शेजारीण सहज आत जात होती. त्यातूनच स्त्रियांना उमगले, की आजाराइतकाच त्रास पोलिस, गुंड, सावकार आणि दवाखान्यातली वागणूक यांचाही आहे. परिषद या जाणिवेतून उभी राहिली. वस्तीतली भांडणे सोडवायला तिने तंटामुक्ती समित्या नेमल्या. घरवाली (कुंटणखाना चालवणारी), मालक (कायमचा सोबती), शेजारी यांच्यातले वाद तिथे बायाच ऐकतात. अल्पवयीन मुलगी धंद्यात आणली गेली, तर ते थांबवणे ही परिषद आपली जबाबदारी मानते.

निपाणी पुणे–बंगळूर महामार्गावर, कोल्हापूर आणि बेळगाव यांच्या मध्ये आहे. बोलणे मराठी, कारभार कन्नड, बाजारपेठ कोल्हापूरची. सभासद स्त्रियांच्या मुलांसाठीचे ‘मित्र’ हे वसतिगृह इथेच आहे. आईच्या व्यवसायाचा शिक्का बसल्यामुळे शाळा सुटू नये, हा त्यामागचा आग्रह. परिषदेच्या साऱ्या कामात हेच सर्वांत दूरदृष्टीचे म्हणायला हवे.

२००५ हे वर्ष कसोटीचे ठरले. मे महिन्यात पोलिसांनी एका परदेशी संस्थेला बरोबर घेऊन सांगलीच्या गोकुळनगर वस्तीवर छापा घातला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारी मदतीसाठी वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी हमी मागितली गेली. संग्रामने ती द्यायचे नाकारले आणि निधी सोडला. सुटकेच्या नावाखाली सज्ञान स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध सुधारगृहात डांबू नये, ही परिषदेची भूमिका तेव्हापासून अधिक ठाम झाली.

गाव एका राज्यात आणि खोली दुसऱ्या राज्यात असलेल्या बाईला शिधापत्रिका मिळवणे फार जड जाते. पत्त्याचा पुरावा मागितला की घरमालक मागे सरतो. २९ सप्टेंबर २०२० रोजी, कोरोनाकाळात, सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्याचा आदेश दिला. १९ मे २०२२ च्या आदेशाने आधार कार्डाची वाट सोपी केली, निरोध जवळ असणे हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये असे बजावले आणि सुधारगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेचा मार्ग मोकळा केला. स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीवर पोलिसांनी कारवाई करू नये, या न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशीला मात्र केंद्र सरकारने हरकत घेतली आणि ती या आदेशाबाहेर राहिली.