रिओ नाही, रोमिओ नाही

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं रॉक ऐकणारी पोरं आता बऱ्यापैकी आहेत अन् 'आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोर' लागलं की सगळे उड्या मारतात, पण त्यात येणारी नावं कुठून आली हे कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहायलोय.

गाणं आर्क्टिक मंकीजचं, ऑक्टोबर २००५ चं, डॉमिनो नावाच्या इंडी लेबलनं, म्हणजे स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीनं, काढलेलं, अन् यूकेच्या चार्टवर थेट एक नंबर. बँड इंग्लंडातल्या शेफील्डच्या हाय ग्रीन भागातला. आधी हे गिगला, म्हणजे लाइव्ह शोला, डेमोच्या सीड्या फुकट वाटायचे, फॅन लोक ती गाणी नेटवर टाकायचे, त्यामुळं रेकॉर्ड यायच्या आधीच पब्लिकला पाठ.

गाण्यात एक पोरगा डान्सफ्लोरवरच्या पोरीकडं बघायलाय, बस एवढंच. तो म्हणतो तुझं नाव रिओ नाही, पण मला कुठं वाळूचं पडलंय. ही रिओ ड्युरान ड्युरान या ब्रिटिश पॉप बँडच्या १९८२ च्या गाण्यातली, वाळूवर नाचणारी, ज्याच्या व्हिडिओत बँडवाले भारी सूट घालून कॅरिबियन समुद्रात यॉटवर फिरतात. शेफील्ड म्हणजे स्टीलचं गाव, तिथं कुठली यॉट अन् कुठली वाळू! पुढं माँटेग्यू-कॅप्युलेट येतात, म्हणजे रोमिओ-ज्युलिएटची घराणी, तेही 'नाहीत' म्हणूनच. इथं प्रेमबिम काही नाही, डीजे, दणका गाणी अन् घाण झालेला फ्लोर. मला हेच लै भारी वाटतं, इथं शायनिंग मारायला नावं घेतलेलीच नाहीत, मोठं नाव घ्यायचं अन् ते आमच्यात नाही म्हणून सांगायचं. बीड-परभणीच्या वरातीत जनरेटरच्या धुरात, डीजेच्या बॉक्सला चिटकून नाचणाऱ्याला हे वेगळं समजवायची गरजच नाही.

पोरगी नाचते ती १९८४ च्या रोबोटसारखी, इलेक्ट्रोपॉपवर, म्हणजे सिंथेसायझरवरच्या पॉपवर. १९८४ म्हणलं की '१९८४' कादंबरीवाला ऑर्वेल आठवतोच, पण इलेक्ट्रोपॉपचं नातं शेफील्डशीही, १९८१ ला 'डोन्ट यू वॉन्ट मी' एक नंबरवर नेणारा ह्यूमन लीग बँड तिथलाच. गाणं लिहिणारा अॅलेक्स टर्नर जन्मला १९८६ ला, म्हणजे हा त्याच्या आई-बापाच्या जमान्यातला डान्स.

व्हिडिओ पण मुद्दाम जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांवर शूट केलेला, अन् सुरुवातीलाच टर्नर सांगतो की हाइपवर विश्वास ठेवू नका, ती ओळ पब्लिक एनिमी या अमेरिकन हिप-हॉप ग्रुपच्या १९८८ च्या गाण्याची. जानेवारी २००६ ला आलेला त्यांचा पहिला अल्बम एका आठवड्यात साडेतीन लाखांच्या वर खपला, अन् २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या ओपनिंगला त्यांनी हेच गाणं वाजवलं.