व्यवसायातलं प्लास्टिक कमी करताना: ईपीआर नोंदणी कोणाला लागते, कागदपत्रं कोणती, अर्ज कसा भरायचा

"आम्ही प्लास्टिक बनवत नाही, मग आम्हाला कसली नोंदणी?" लहान-मोठ्या व्यवसायांकडून हा प्रश्न सतत येतो, आणि त्याचं उत्तर प्रत्येकाला एकच देता येत नाही. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांमुळे व्यवसायावर दोन वेगळ्या गोष्टी लागू होतात. एक म्हणजे बंदी. ती सगळ्यांना आहे, तिच्यासाठी अर्ज नाही. दुसरी म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी, जिला सगळे ईपीआर म्हणतात: आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकच्या कचऱ्याची जबाबदारी आपणच घ्यायची. ती ठरावीक व्यवसायांनाच आहे आणि तिच्यासाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. या दोन्हींची गल्लत झाली की ज्यांना गरज नाही ते फॉर्म भरत बसतात आणि ज्यांना गरज आहे ते निवांत राहतात.

बंदीत काय येतं

१ जुलै २०२२ पासून देशभरात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तू बनवणं, आयात करणं, साठवणं, विकणं आणि वापरणं बंद आहे. ऑफिसच्या दृष्टीने त्यातल्या महत्त्वाच्या म्हणजे प्लास्टिकच्या प्लेट, कप, ग्लास, काटे, चमचे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे आणि ढवळायच्या काड्या. मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रण पत्रिकांवर गुंडाळलेली फिल्म, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनर, सजावटीचं थर्माकोल हेही त्यात आहे. म्हणजे वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात स्टेजवर जे लागतं आणि जेवणाच्या टेबलावर जे मांडलं जातं, त्यातलं बरंचसं या यादीत येतं. केटररला ऑर्डर देतानाच हे लेखी कळवा. पंगत बसल्यावर प्लेट बदलता येत नाहीत.

चहाच्या कपाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फसगत तिथेच होते. प्लास्टिकचे कप बंद केले आणि कागदी आणले, की काम झालं असं वाटतं. पण कागदी कप फाडून पाहा. आतल्या बाजूने एक पातळ, चकचकीत पापुद्रा सुटून येतो. तो प्लास्टिकचा लेप असतो, त्याच्यामुळेच कागद चहाने भिजत नाही. महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये असा लेप असलेले किंवा लॅमिनेट केलेले कप, ग्लास, प्लेट, वाट्याही बंदीत आणल्या. त्यामुळे इथल्या ऑफिसला खरा पर्याय एकच उरतो: स्टीलचे, काचेचे किंवा चिनीमातीचे कप, आणि ते धुवायची सोय. बेसिन आणि विसळणाऱ्या माणसाचा वेळ याची तजवीज आधी करा. ती नसेल तर डिस्पोजेबल कप परत येतातच.

देशभरात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग ३१ डिसेंबर २०२२ पासून बंद आहेत. महाराष्ट्राचे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासूनचे निर्बंध त्याहून कडक आहेत, म्हणून पिशवीवर १२० मायक्रॉन छापलंय एवढ्यावर इथे विसंबून राहू नका. राज्याच्या नियमात पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे.

कचऱ्याच्या डब्यात घालायला कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्या घेत असाल तर विक्रेत्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. अशा पिशव्या बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला ते प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. नुसतं 'इको' लिहिलेलं आणि हिरवं पान छापलेलं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ती प्रत खरेदीच्या बिलासोबत फाइलला लावून ठेवा.

नोंदणी कोणाला लागते

तुमचा व्यवसाय निव्वळ सेवा देणारा असेल, तुमच्या नावाने पॅकिंगमधला कुठलाही माल बाजारात जात नसेल आणि तुम्ही आयातही करत नसाल, तर ईपीआर नोंदणीची गरज नाही. कचरा कमी करणं, जागेवरच वेगळा करणं आणि अधिकृत व्यवस्थेकडे देणं ही जबाबदारी मात्र २०१६ च्या नियमांनुसार तुमच्यावर आहेच.

नोंदणी लागते ती प्लास्टिकचं पॅकेजिंग बनवणाऱ्या उत्पादकाला, प्लास्टिक पॅकेजिंग किंवा प्लास्टिकमध्ये बांधलेला माल आयात करणाऱ्याला, आणि स्वतःच्या ब्रँडखाली माल विकणाऱ्या ब्रँड मालकाला. ऑनलाइन विक्रीचे मंच आणि सुपरमार्केटच्या साखळ्या ब्रँड मालकांतच मोडतात. प्लास्टिक कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्यांनाही नोंदणी आहे, पण ती वेगळी.

सूक्ष्म आणि लघु ब्रँड मालकांना या जबाबदारीतून वगळलं आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या निकषांनुसार लघु उद्योग म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत. दोन्ही अटी एकत्र पाळल्या जायला हव्यात. उद्यम नोंदणीचं (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र हाताशी ठेवा, कारण मोठे खरेदीदार ते मागतात. ही सूट ब्रँड मालकाची आहे, आयातदाराची नाही. स्वतःचा ब्रँडही आहे आणि परदेशातून मालही येतो, अशा लहान व्यवसायाने हे नीट वाचावं. एकाच व्यवसायाच्या दोन भूमिका असतील तर प्रत्येक भूमिकेची नोंदणी वेगळी.

अर्जाआधी वजन करा

अर्जात सगळ्यात अवघड भाग कागदपत्रांचा नाही, आकड्यांचा आहे. पोर्टल तुमच्याकडून कोणत्या प्रकारचं प्लास्टिक किती टन वापरलं हे विचारतं, आणि बहुतेक व्यवसायांकडे हिशेब असतो तो नगांचा किंवा रुपयांचा.

प्रकार असे. पहिला, कडक पॅकेजिंग: बाटल्या, डबे, झाकणं. दुसरा, लवचिक प्लास्टिक: पाऊच, पिशव्या, फिल्म, एका थराचं किंवा वेगवेगळ्या प्लास्टिकच्या अनेक थरांचं. तिसरा, ज्यात प्लास्टिकसोबत कागद किंवा ॲल्युमिनियमसारखा दुसरा थर असतो ते बहुस्तरीय पॅकेजिंग. चौथा, कंपोस्टेबल प्लास्टिक. जैवविघटनशील प्लास्टिकचा वेगळा प्रकार नंतर जोडला गेला.

प्रत्यक्ष काम असं करा. तुमच्या एका मालाचे दहा रिकामे नग घ्या. झाकण, बाटली, बाहेरची श्रिंक फिल्म असे भाग सुटे करा. ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येक भागाचे दहा नग एकत्र ठेवा आणि आलेल्या वजनाला दहाने भागा. बाटली आणि झाकण पहिल्या प्रकारात गेलं, फिल्म दुसऱ्यात. आता वर्षभरात किती नग विकले त्याने गुणा. दुकानदाराकडे जाणाऱ्या खोक्यांवरची फिल्म आणि माल गुंडाळायची बबल शीट विसरू नका. ती बारदानात धरली जाते आणि हिशेबातून हमखास सुटते.

हे टेबल तयार झालं की अर्ज निम्मा झाला, आणि प्लास्टिक कुठे कमी करता येईल तेही त्याच कागदावर दिसतं. बाटलीवर झाकण, त्यावर सील आणि सगळ्यावर पुन्हा श्रिंक फिल्म, यातलं ग्राहकाला काय लागतं आणि सवयीने काय चाललंय हे वजनाच्या रकान्यात उघडं पडतं. म्हणून हे काम सल्लागाराकडे टाकून मोकळे होऊ नका. पॅकिंग विभागातल्या माणसाला शेजारी बसवून करा.

कागदपत्रं

व्यवसायाचा पॅन, जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र आणि कंपनी असेल तर सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक). अधिकृत व्यक्तीचा पॅन किंवा आधार आणि स्कॅन केलेली सही. आयातदाराला आयात-निर्यात कोड. स्वतःचा कारखाना असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आणि उत्पादन प्रक्रियेचा आराखडा. उत्पादकाला जिल्हा उद्योग केंद्राची नोंदणीही. सगळ्या कागदांवर व्यवसायाचं नाव आणि पत्ता अक्षरशः एकसारखा हवा. जीएसटीवर जुना पत्ता आणि संमतीपत्रावर नवा असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, अर्ज नंतर करा.

पोर्टलवर

अर्ज केंद्रीय मंडळाच्या ईपीआर पोर्टलवरच होतो, कागदी अर्ज नाही. व्यवसाय एक किंवा दोन राज्यांत असेल तर अर्जाची छाननी राज्य मंडळ करतं. महाराष्ट्रात ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. दोनपेक्षा जास्त राज्यांत माल जात असेल तर केंद्रीय मंडळ. भूमिका निवडताना घाई करू नका, कारण पुढचे सगळे रकाने तिच्यावर ठरतात. शुल्क वर्षाच्या टनांप्रमाणे ठरतं. पूर्ण अर्ज सादर झाल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी व्हावी असं मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. 'पूर्ण' हा शब्द लक्षात ठेवा, त्रुटी काढून अर्ज परत आला की तो पूर्ण धरला जात नाही. रकाना टनांचा आणि आकडा किलोत, ही चूक एका क्षणात होते आणि तुमची जबाबदारी हजारपट दाखवते. भरल्यावर दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

नोंदणी झालेल्याने नोंदणी नसलेल्याशी व्यवहार करायचा नाही, असाही नियम आहे. म्हणजे बाटल्या आणि पाऊच पुरवणाऱ्याकडे त्याची नोंदणी आहे का, हे पुढची ऑर्डर देण्याआधी विचारायला हवं.

नोंदणीनंतर

२०२३-२४ पासून ईपीआरचं लक्ष्य १०० टक्के आहे. जबाबदारीत जेवढं प्लास्टिक मोजलं जातं, तेवढ्या कचऱ्यावर प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रं नोंदणीकृत प्रक्रियादाराकडून त्याच प्रकारात घ्यावी लागतात. बाटल्यांची जादा प्रमाणपत्रं पाऊचच्या खात्यात चालत नाहीत. जबाबदारी मोजताना मागच्या दोन आर्थिक वर्षांची सरासरी धरतात, त्यामुळे यंदा कमी केलेल्या प्लास्टिकचा पूर्ण फायदा खात्यात दिसायला थोडा वेळ लागतो. उशीर का करू नये, याचं हेही एक कारण आहे.

२०२५-२६ पासून पॅकेजिंगमध्ये पुनर्प्रक्रिया केलेलं प्लास्टिक वापरण्याची लक्ष्यं सुरू झाली: कडक प्रकारात ३० टक्के, लवचिक प्रकारात १० टक्के, बहुस्तरीय प्रकारात ५ टक्के. कडक डब्यांच्या पुनर्वापराचीही लक्ष्यं आहेत. ४.९ लिटर आणि त्याहून मोठ्या डब्यांसाठी पहिल्याच वर्षी ७० टक्के, ०.९ लिटरपासून ४.९ लिटरपेक्षा लहान डब्यांसाठी १० टक्के. पुन्हा वापरलेलं कडक पॅकेजिंग ब्रँड मालकाच्या पहिल्या प्रकारातल्या हिशेबातून वजा होतं. रिकामे डबे परत घ्यायची व्यवस्था उभी केली तर तेवढी प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागत नाहीत. नव्या पॅकिंगवर खर्च करण्याआधी हे गणित आपल्या हिशेबनिसाला मांडायला सांगा.

वार्षिक विवरणपत्र पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० जूनपर्यंत भरायचं असतं. लक्ष्य चुकलं तर पर्यावरण भरपाई लागते. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड १ एप्रिल २०२४ पासून १०,००० रुपयांपासून १५ लाखांपर्यंत आहे. खरेदीची बिलं प्रकारानुसार वेगळी लावणं एप्रिलपासूनच सुरू करा. जूनमध्ये वर्षभराचे गठ्ठे उपसत बसायची वेळ येऊ देऊ नका.