भारद्वाज : माहितीतील उणिवा

भारद्वाज (सेंट्रोपस सायनेन्सिस) हा कोकिळेच्या कुळातला, पण घरटे स्वतः बांधून पिले स्वतःच वाढवणारा पक्षी. कुंभारकावळा, कुक्कुडकुंभा ही त्याची आणखी नावे. काळे अंग, तांबूस पंख आणि गुंजेसारखे लाल डोळे यांमुळे परसात आला की लगेच ओळखू येतो. त्याचे दर्शन शुभ मानतात, त्यामुळे तो दिसला की लोक आवर्जून सांगतात. त्याच्याविषयीचे साधे प्रश्न मात्र अजून सुटलेले नाहीत.

पहिला प्रश्न जातीचाच. द्वीपकल्पीय भारतातल्या भारद्वाजाला जर्मन पक्षितज्ज्ञ श्ट्रेझेमान यांनी 1913 मध्ये 'पॅरोटी' ही पोटजात म्हणून वेगळे केले. काही अभ्यासक तिला स्वतंत्र जात मानतात. उत्तरेकडच्या अल्पवयीन पक्ष्यांच्या पंखांवर आडवे काळे पट्टे असतात, पॅरोटीच्या पंखांवर नसतात. दोहोंमधली सीमा महाराष्ट्र, मध्य प्रदेश, ओडिशा या पट्ट्यात कुठेतरी आहे, पण ती नेमकी आखलेली नाही.

विणीचे ठोकळ आकडे हाती आहेत : 3 ते 5 पांढरी अंडी, 15-16 दिवस उबवण, 18 ते 22 दिवसांनी पिले घरट्याबाहेर. अडते ते पुढे. मादी थोडी मोठी असली तरी नर-मादीचा पिसारा सारखाच, त्यामुळे अंड्यांवर कोण किती वेळ बसले हे पाय रंगीत कड्यांनी खुणावल्याशिवाय सांगता येत नाही. दाट काटेरी जाळीतून सरपटल्यासारखा चालणारा हा पक्षी जाळ्यात पकडणेच कठीण. पिले खरोखर घरट्यावरच्याच नराची आहेत का, हे डीएनए तपासणीवरूनच कळते. दुसऱ्या भारद्वाजांवरून अंदाजही बांधता येत नाही : आफ्रिकेतल्या काळ्या भारद्वाजाची मादी अनेक नरांशी जोडी जमवते आणि पिले एकटा नर वाढवतो. घरटे सोडलेली पिले किती दूर जातात आणि किती जगतात, याचीही माहिती तुटपुंजी आहे.

पोटजातींची सीमा आखायला हौशी निरीक्षकाची नोंद खरोखर मोलाची आहे. उडत्या किंवा ऊन खात पंख पसरून बसलेल्या अल्पवयीन पक्ष्याचे छायाचित्र, तारीख आणि गाव एवढे पुरते. 'लहान भारद्वाज' या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ नये म्हणून प्रौढ पक्ष्याचा डोळा पाहावा. त्या जातीचा गडद असतो. घरट्याची जाळी बाजूला सारून डोकावू नये : विचलित जोडी अंडी सोडून जाऊ शकते आणि उघडे पडलेले घरटे कावळा लुटू शकतो.