मुलांचा खोकला थंडीतला की पावसातला? यामागचा इतिहास

जूनच्या मध्यात शाळा सुरू होतात आणि जुलैत वर्गातली मुलं एकेक करून खोकायला लागतात, हे पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही आईला विचारा. तरी फ्लू म्हणजे थंडीचा आजार असंच आपण वाचत आलो, कारण त्यावरचा जुना अभ्यास बहुतेक इंग्लंड-अमेरिकेत झाला आणि तिकडे साथ येते ती कडाक्याच्या हिवाळ्यात.

गारठ्याने सर्दी होते का, हे इंग्लंडमधल्या सॅलिसबरीला 1946 साली सुरू झालेल्या सर्दी संशोधन केंद्रात खरंच तपासून बघितलं गेलं. 1933 मध्ये माणसातला फ्लूचा विषाणू शोधणाऱ्या तिघांपैकी एक, ख्रिस्तोफर अँड्रूज, यांचं ते काम. स्वतःहून आलेल्या लोकांना अंघोळीनंतर ओल्या कपड्यांत वारं लागेल अशा बोळात अर्धा तास उभं केलं, वर ओले मोजे घालून बसवलं, पण ज्यांना विषाणू न देता नुसतं गारठवलं होतं त्यांना काही सर्दी झाली नाही. म्हणजे पावसात भिजून आलेल्या पोराला आपण रागावतो ते ठीक आहे, पण विषाणू त्याला बहुतेक दुसऱ्या पोराकडूनच मिळालेला असतो.

लहान बाळांची छाती भरवणारा आरएसव्ही नावाचा विषाणू तर त्यानंतर सापडला, 1956 मध्ये अमेरिकेतल्या चिंपांझींमध्ये आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना आजारी बाळांमध्ये. मोठ्यांना याने साधी सर्दी होते पण तान्ह्या बाळाच्या श्वासनळ्या इतक्या बारीक असतात की थोडी सूज आणि चिकट कफ आला की पोट उडायला लागतं, बरगड्या आत ओढल्या जातात, दूध पिता येत नाही. दिल्लीकडे हा थंडीत येतो.

मग हवामानाचा संबंध काय? 2007 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगवर प्रयोग झाले. 5 अंश तापमानात आणि कोरड्या हवेत फ्लू एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात सहज गेला, 30 अंशाला हवेतून गेलाच नाही. आता हे वाचून वाटेल की आपल्याकडच्या दमट जुलैत फ्लू पसरायलाच नको! पण त्याच लोकांनी पुढच्या वर्षी एकाच पिंजऱ्यात आजारी आणि निरोगी प्राणी ठेवले तर 30 अंशालाही लागण झाली. मला यात आपला पावसाळाच दिसतो, खिडक्या बंद, घरभर दोऱ्यांवर ओले कपडे, मैदानाचा तास रद्द म्हणून सगळी मुलं वर्गात, एकाच बाकावर तिघं. नेमकं कारण एकच असं सांगता येत नाही पण ही दाटी मला फार महत्त्वाची वाटते.

पुण्याने हे 2009 मध्ये फार जवळून बघितलं. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू 3 ऑगस्टला इथेच झाला, 14 वर्षांची शाळकरी मुलगी. शाळा बंद झाल्या, रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधून. ऐन पावसाळा होता.

त्यानंतर 2009 ते 2013 च्या नमुन्यांवरून देशाचं चित्र स्पष्ट झालं. दिल्ली, नागपूर, कोलकाता इथे फ्लू पावसाळ्यात, चेन्नईत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये म्हणजे त्यांचा परतीचा पाऊस असतो तेव्हा, आणि श्रीनगरमध्ये मात्र जानेवारी ते मार्च, अगदी युरोपसारखा. एकाच देशात इतका फरक!

कोरोनाच्या काळात आणखी एक गोष्ट कळली. ऑस्ट्रेलियात 2020 च्या हिवाळ्यात आरएसव्ही जवळजवळ गायब होता आणि निर्बंध सैल झाल्यावर तो उन्हाळ्यात उसळला. म्हणजे ऋतू एकटा काही करत नाही, मुलं एकमेकांना भेटतात किती आणि आधी लागण न झालेली बाळं किती, यावरही ते ठरतं.

लसीचा घोळ इथूनच सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटना फ्लूच्या लसीत काय असावं ते वर्षातून दोनदा सांगते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेच्या. आपण नकाशावर उत्तरेत, पण उत्तरेची लस बाजारात येईपर्यंत आपला पाऊस सरत आलेला असतो. म्हणून आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना दरवर्षी पावसाळ्याच्या आधी लस द्या असं सांगते, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकं तेव्हाच आपण सगळे सुट्टीत गावाला गेलेलो असतो.