पियानो महोत्सव आणि पियानो स्पर्धा: तरुण वादकाने कशाची तयारी करावी?

बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्हींत फारसे वेगळे काही दिसत नाही. दोन्हीकडे अर्ज भरावा लागतो, वयोगट ठरलेले असतात, पाठ केलेल्या रचना मंचावर वाजवाव्या लागतात, समोर परीक्षक बसलेले असतात आणि शेवटी हातात प्रमाणपत्र पडते. तरीही विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या रियाजाला वेगळी दिशा देणारा एक मूलभूत फरक त्यांच्यात आहे. महोत्सवात वादन एका ठरलेल्या दर्जाशी ताडून पाहिले जाते, तर स्पर्धेत ते इतरांच्या वादनाशी ताडून पाहिले जाते.

अमेरिकेतील संगीत मंडळांचा राष्ट्रीय महासंघ बाल आणि कुमार वादकांसाठी जे महोत्सव भरवतो, ते पहिल्या प्रकाराचे चांगले उदाहरण आहे. एकल पियानोवादनाच्या विभागात विद्यार्थी दोन रचना वाजवतो. त्यांपैकी एक महासंघाच्या यादीतील असते, दुसरी त्याने निवडलेली असते. परीक्षक त्या वादनाला श्रेणी देतात आणि लेखी अभिप्राय देतात. सर्वोच्च श्रेणीला पाच गुण मिळतात, ते वर्षानुवर्षे साठत जातात आणि पंधरा गुण झाले की पहिला चषक मिळतो. एकाच दिवशी वाजवलेल्या सगळ्या मुलांना सर्वोच्च श्रेणी मिळू शकते, कारण एकाच्या यशाने दुसऱ्याची जागा जात नाही. सातत्याला बक्षीस देणारी ही पद्धत आहे, आणि लहान वयात सातत्याइतके मोलाचे दुसरे फार थोडे असते, असे माझे मत आहे.

स्पर्धेचे गणित याच्या उलट आहे. पोलंडमधील वॉर्सा येथे १९२७ साली सुरू झालेली, संगीतकार शोपँच्या नावाची पियानो स्पर्धा साधारणपणे दर पाच वर्षांनी भरते. तिथे एका फेरीतून पुढच्या फेरीत जाणाऱ्यांची संख्या मर्यादित असते, म्हणून उत्तम वाजवूनही बाहेर पडावे लागते. परीक्षक अनेक असतात आणि त्यांची मते जुळतातच असे नाही. १९८० साली इव्हो पोगोरेलिच हा तरुण पियानोवादक तिथे अंतिम फेरीत पोहोचला नाही, तेव्हा स्वतः १९६५ ची विजेती असलेल्या मार्टा आर्गेरिचने निषेध म्हणून परीक्षक मंडळ सोडले. त्या वर्षीचे पहिले पारितोषिक डांग थाय सोनला मिळाले, आणि पोगोरेलिचचे नाव मात्र त्या वादामुळेच जगभर पोहोचले. अशा मतभेदांचा निकालावर टोकाचा परिणाम होऊ नये म्हणून पुढे अनेक स्पर्धांनी, सरासरीपासून फार दूर जाणारे गुण दुरुस्त करण्याचे किंवा परीक्षकाने स्वतःच्या विद्यार्थ्याला गुण न देण्याचे नियम केले. हे नियम न्याय्य आहेत, परंतु सरासरीवर भर देणारी पद्धत सर्वांना बऱ्यापैकी आवडणाऱ्या वादकाला झुकते माप देते आणि काहींना भारावून टाकणाऱ्या, काहींना मुळीच न पटणाऱ्या वादकाला मागे ठेवते, हे अर्ज करणाऱ्याने ओळखलेले बरे.

तयारीवर याचा थेट परिणाम होतो. महोत्सवासाठी दोन-तीन रचना खोलवर बसवता येतात. मोठ्या स्पर्धेसाठी मात्र अनेक फेऱ्यांचा कार्यक्रम एकाच वेळी हाताशी तयार ठेवावा लागतो: एट्यूड (तंत्राचा कस पाहणारी छोटी रचना), सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना), आणि शेवटी ऑर्केस्ट्राबरोबर म्हणजे वाद्यवृंदाबरोबर वाजवायचा कॉन्चेर्तो. हा शेवटचा भाग वाजवण्याची वेळ येईलच असे नसते. तरीही तो पूर्ण तयार नसेल, तर अंतिम फेरीत पोहोचण्याला अर्थ राहत नाही.

सीमारेषा सगळीकडे इतकी स्वच्छ नाही. ब्रिटनमध्ये महोत्सव म्हणवणाऱ्या कित्येक स्थानिक उपक्रमांत वयोगटांनुसार वर्ग असतात, गुण आणि क्रमांकही दिले जातात, म्हणजे स्वरूपाने ते स्पर्धाच ठरतात. परंतु परीक्षक सर्वांसमोर प्रत्येकाच्या वादनावर बोलतो आणि लेखी अभिप्रायही देतो, त्यामुळे क्रमांक न मिळालेले मूलही काहीतरी शिकून परत जाते. फ्रान्समधील ला रोक दांतेरों येथे १९८१ पासून भरणारा पियानो महोत्सव हा तर मुख्यतः मैफलींचा उत्सव आहे. स्वित्झर्लंडमधील व्हर्बियेच्या महोत्सवात, जो १९९४ साली सुरू झाला, मैफलींच्या जोडीला तरुणांसाठी अकादमी चालते. तिथे प्रवेशासाठी निवड कठोर असली, तरी आत गेल्यावर मुख्य काम ज्येष्ठांसमोर बसून शिकण्याचे असते.

दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचाही प्रयत्न होतो. पियानो स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकेतील क्लायबर्न संस्थेने २०१५ साली १३ ते १७ वर्षांच्या वादकांसाठी जो उपक्रम सुरू केला, त्यात स्पर्धेबरोबर महोत्सवही होता. त्याचा पहिला विजेता अलीम बेइसेमबायेव्ह याने २०२१ साली इंग्लंडमधील लीड्सची पियानो स्पर्धाही जिंकली. मिशिगनमधील कलामझू येथील गिल्मोर महोत्सवाने तिसराच मार्ग काढला. त्याचा मुख्य पुरस्कार तीन लाख डॉलरचा आहे, पण त्यासाठी अर्ज करताच येत नाही. निवड समिती वादकांच्या मैफली गुपचूप ऐकते आणि आपला विचार होत आहे याचा पत्ताही त्या वादकाला नसतो. एका दिवसाच्या ताणाऐवजी अनेक मैफलींतील वादन तोलले जाते, म्हणून मला ही पद्धत कलेच्या दृष्टीने अधिक प्रामाणिक वाटते. मात्र ज्याच्या मैफली अजून सुरूच झालेल्या नाहीत, अशा विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही.

म्हणून कार्यक्रमाच्या नावापेक्षा नियमावली पाहावी. एकाच गटात अनेकांना सर्वोच्च श्रेणी मिळू शकते का, लेखी अभिप्राय सर्वांना मिळतो की फक्त विजेत्यांना, आणि पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्या वादकाला पुढच्या दिवसांच्या मास्टरक्लासमध्ये (ज्येष्ठ वादक सर्वांसमोर शिकवतात त्या वर्गात) बसता येते का, हे तीन प्रश्न आयोजकांना विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल आणि प्रवास लांबचा असेल, तर अंतिम फेरीचा कॉन्चेर्तो तयार होईपर्यंत अर्ज पुढच्या खेपेवर ढकलणे शहाणपणाचे ठरते.