कुत्र्याचा विमा काढायचा तर आधी लसीचं कार्ड काढा

बेळगावातल्या शहापुरात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार, पॅन, गाडीचा विमा अशी कामं होतात. गेल्या काही वर्षांत त्यात कुत्र्याच्या विम्याची भर पडली. येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "वर्षाला किती बसंल ओ?" मी उलटा प्रश्न करतो, "कार्ड आणलाय काय?" निम्मे लोक घरी परत जातात. जे कार्ड आणतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या कार्डात कुत्र्याचं नाव सोडलं तर वाचण्यासारखं काही नसतं.

म्हणून सरळ सांगतो. विमा घ्यायचा की नाही हे हप्त्यावरून ठरवू नका, आपल्या कुत्र्याची फाइल उभी राहते का यावरून ठरवा. हप्ता कुणाकडूनही घेतला जातो, कागद तपासले जातात ते क्लेमच्या वेळी.

आधी एक गोंधळ. 'कुत्र्याचा विमा' या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. सरकारी सामान्य विमा कंपन्यांची जुनी पॉलिसी गाय-म्हशीच्या विम्याची बहीण आहे. ती मुख्यतः कुत्रं मेलं तर पैसे देते, आणि रक्कम कुत्र्याच्या बाजारभावापेक्षा जास्त धरत नाही. दुसरी पॉलिसी खाजगी कंपन्यांची, साधारण २०२० नंतर आलेली. तिच्यात ऑपरेशन, दवाखान्यात भरती, ओपीडी, चोरी, दुसऱ्याला चावल्यास द्यावी लागणारी भरपाई असं बरंच असतं, पण सगळं एकत्र नसतं. मूळ पॉलिसी घ्यायची आणि बाकीचं जादा पैसे भरून जोडायचं. जाहिरातीत सगळं एकाच चित्रात दाखवतात, म्हणून लोकांना वाटतं आपण सगळं घेतलं.

खानापूरच्या एका मुलीनं दोन वर्षांची बिलं आणली होती. गोचीडताप, जुलाब, कातडीची खाज, परत गोचीडताप. आपल्याकडे पाऊस ओसरला की हेच सुरू होतं. सगळी बिलं ओपीडीची, कुत्रं एक रात्रही दवाखान्यात राहिलं नव्हतं. तिनं जी पॉलिसी निवडली होती ती फक्त भरती आणि ऑपरेशनचे पैसे देणारी. दोन्ही वर्षं विमा असता तरी तिला एक रुपया मिळाला नसता. तुम्हीही हेच करा: मागच्या दोन वर्षांची बिलं टेबलावर पसरा आणि त्यातलं कुठलं बिल या पॉलिसीतून सुटलं असतं ते बघा. हप्त्याची बेरीज करताना जीएसटी धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय तो माणसांच्या वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा.

कोणाचं कुत्रं बसतं

वय बघतात ते पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशीचं. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत ८ आठवडे ते ८ वर्षं असं धरतात. खाजगीत ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींना प्रवेशाचं वय कमी असतं, इतरांना थोडं जास्त. पाच वर्षांचा ग्रेट डेन घेऊन 'आता विमा काढतो' म्हणणाऱ्यांना उशीर झालेला असतो.

गावठी कुत्रं चालतं का? नव्या पॉलिसींत देशी आणि मिश्र जातीही घेतल्या जातात. जुन्या प्रकारात अडतं ते पैशावर, कारण रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याचा बाजारभाव काय लिहिणार? तुम्हाला तो लाखाचा असेल, फॉर्मवर तो शून्याचा. अशा कुत्र्यासाठी मृत्यूची पॉलिसी घेऊ नका, असं मी तोंडावर सांगतो.

मुधोळची गोष्ट वेगळी. २००५ साली पोस्टानं तिकीट काढलेली ही जात आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली, आणि आपल्या भागात शेतावर ठेवणारे भरपूर. पण पिल्लू घेताना पावती कुणी घेत नाही. पाहुण्याकडून आलं, बाजारात रोख देऊन आणलं. किंमत सिद्ध करायची वेळ आली की सगळे गप्प. पिल्लू घेताना पावती लिहून घ्या, साध्या कागदावर का असेना, पण त्यावर रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या हव्यात.

कागद, आणि ते कुठं अडतात

मालकाचं आधार-पॅन, कुत्र्याचे दोन्ही बाजूंचे आणि तोंडाचे फोटो, तब्येतीचा दाखला, भरलेला फॉर्म. यात फारसं अडत नाही. फोटोत मात्र कुत्रं दिसायला हवं, मांडीवर घेतलेला नातू नव्हे.

अडतं ते लसीच्या कार्डावर. चांगल्या कार्डात प्रत्येक लसीपुढं चार गोष्टी असतात: टोचल्याची तारीख, कुपीवरून काढून चिकटवलेलं बॅच नंबराचं लेबल, पुढच्या डोसची तारीख, आणि डॉक्टरची सही शिक्क्यासकट. आमच्याकडे येणाऱ्या कार्डावर लेबल पावसात भिजून निघालेलं असतं, त्याजागी फक्त डिंकाचा पिवळा चौकोन राहिलेला. तो चौकोन कंपनीला चालत नाही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि प्रत्येक लसीनंतर मोबाईलवर फोटो काढा.

दुसरी चूक तारखांची. फॉर्ममध्ये 'शेवटची लस कधी' असं विचारतात. कार्डात दोन तारखा शेजारी शेजारी असतात आणि लोक उजवीकडची लिहितात, म्हणजे पुढच्या डोसची. झालं, अजून टोचलीच नाही ती लस तुम्ही टोचली म्हणून लिहून दिलीत. कुणी मुद्दाम करत नाही हे मला माहीत आहे, पण तपासणाऱ्याला तसं वाटत नाही. रेबीज, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस अशा आजारांचा क्लेम लस वेळेवर नसेल तर उडतोच, त्यामुळे ही एक तारीख महागात पडते.

तिसरी गोष्ट सगळ्यात त्रासाची. २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास, ठिकठिकाणी फुकट लसीकरण होतं. लोक रांग लावून लस टोचून घेतात आणि कागद न घेताच घरी जातात. गर्दी असते, मान्य, पण एक ओळ लिहून शिक्का मारायला किती वेळ लागतो? मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा कार्ड घेऊनच रांगेत उभे राहा.

काही गावांत लस टोचणारा माणूस डॉक्टर नसतोच. हात चांगला असेल, चार पैसे कमी घेत असेल, पण दाखल्यावर पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणी झालेल्यालाच असा दाखला देता येतो. क्रमांक कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा, याची चिंता नको. चंदगडहून बेळगावला कुत्रं आणणारे आणि निपाणीहून कोल्हापूरला नेणारे हा प्रश्न हमखास विचारतात. मालकाचा पत्ता एका राज्यात आणि डॉक्टर दुसऱ्या राज्यातला असेल तर चालतं, बिनक्रमांकाचा दाखला चालत नाही.

जन्मतारीख जवळपास कुणाकडेच नसते. ती अंदाजे लिहू नका. डॉक्टरला दात बघून अंदाजे वय दाखल्यावर लिहायला सांगा आणि फॉर्मवर तेच वय उतरवा. एका ठिकाणी दोन वर्षं, दुसऱ्या ठिकाणी तीन, असं झालं की फाइल परत येते. नावाचंही तसंच. आधारवर एक स्पेलिंग, दवाखान्याच्या कार्डावर कानडीत लिहिलेलं दुसरं, बँकेत तिसरं. आपल्या भागात याचं कुणाला नवल नाही, कंपनीच्या मुंबईतल्या माणसाला आहे. कार्डावर मालकाचं नाव आधारप्रमाणे इंग्रजीतही लिहून घ्या.

ओळखीसाठी मायक्रोचिप असेल तर उत्तम. तांदळाएवढी असते, खांद्याजवळ कातडीखाली बसवतात, १५ आकडी नंबर असतो. तो नंबर दाखल्यावर लिहिलाय ना, ते तिथंच उभं राहून बघा. चिप कुत्र्यात आणि नंबर कुठंच नाही, असेही आलेत.

क्लेम

येळ्ळूर रोडकडचे एक काका. त्यांचा मुधोळ श्रावणात शेतावर सापानं चावून मेला. घरातल्या पोरांनी रडत रडत सकाळीच बांधाच्या आंब्याखाली पुरला, वर हळद-कुंकू टाकलं. चौथ्या दिवशी काका पॉलिसी घेऊन माझ्याकडे आले. पशुवैद्यकाचा मृत्यूचा दाखला नाही, शवविच्छेदन नाही, मेलेल्या कुत्र्याचा फोटो नाही. कंपनीनं तिन्ही मागितले. "म्हंजे आता खड्डा उकरायचा काय?" काकांनी विचारलं. मला काही बोलता आलं नाही. क्लेम गेला.

कुत्रं गेल्यावर कुणाला कागद सुचत नाहीत. म्हणून आधीच घरातल्या एका डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला सांगून ठेवा: पुरण्याआधी डॉक्टरला बोलवायचं, फोटो काढायचे, कंपनीला फोन करायचा. कळवण्याची मुदत आणि कागद देण्याची मुदत या दोन वेगळ्या असतात. पहिली फार थोडी असते. लोक दुसरीचे दिवस मोजत बसतात. कुत्रं चोरीला गेलं तर पोलिसांत तक्रार आणि तिची पोच, त्याशिवाय पुढं काही नाही.

आणि मुदत संपण्याचा दिवस. १२ जूनला सुरू झालेली पॉलिसी पुढच्या वर्षी ११ जूनच्या मध्यरात्री संपते. १२ तारखेला भरू म्हणणाऱ्याची साखळी तुटते, आणि मग सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा नव्यानं बसू शकतो. त्या काळात आजार झाला तर पैसे नाहीत.

मग घ्यावा कुणी? ज्यांचं कुत्रं वाड्याच्या दारात, गल्लीत बसतं आणि अंगावर धावतं, त्यांनी दुसऱ्याच्या भरपाईचं कलम जरूर बघावं. पण फौजदारी भाग त्यातून सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली जनावराबाबत निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दंड तुमचाच. महागडं, कमी वयाचं, कागद पक्के असलेलं कुत्रं असेल तर ऑपरेशनसकट घ्या. बाकीच्यांनी हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला पोस्टात टाकावी आणि लसी चुकवू नयेत. हे सांगितल्यानं माझा धंदा बुडतो, पण काकांसमोर परत बसायची माझी तयारी नाही.

क्लेम नाकारला तर फोनवरच्या 'रिजेक्ट झालाय' वर थांबू नका, कारण लिहिलेलं पत्र मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, तोही एका वर्षाच्या आत. बेळगाव, खानापूर, निपाणीवाल्यांचा लोकपाल बेंगळुरूला, चंदगडवाल्यांचा पुण्याला. फी नाही, वकील लागत नाही. तक्रारीसोबत तेच कार्ड जोडावं लागतं, लेबलासकट.